घरफोडीच्या आरोपीला वकील कशाला?

अकोल्यात किंवा अमरावतीत घरफोडी झाली की आठ-पंधरा दिवसांनी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक ठरावीक बातमी येते. सोबत छायाचित्र असते. मागे उभे अधिकारी, पुढे जमिनीवर बसवलेले, तोंडावर बुरखे चढवलेले दोन-तीन तरुण, आणि टेबलावर मांडलेला मुद्देमाल. मजकूरही ठरलेला. गुप्त माहितीच्या आधारे सापळा रचला, ‘पोलिसी खाक्या दाखवताच’ आरोपींनी गुन्ह्याची कबुली दिली, आणि एका अटकेतून मागले पाच-सात गुन्हेही उघडकीस आले. हा ‘खाक्या’ म्हणजे काय, हे वाचकालाही ठाऊक असते आणि बातमीदारालाही. कोठडीत माणसाला मारहाण झाली, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. जी गोष्ट कायद्याने गुन्हा आहे ती आपल्याकडे कौतुकाने छापली जाते, आणि पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हा १८७२ पासूनचा नियम त्या पानावर कुणाला आठवत नाही. नव्या साक्ष अधिनियमातही तो नियम कायम आहे.

या बातमीवर आमच्या एका बैठकीत बोलणे निघाले. पकडलेले तरुण पारधी बेड्यावरचे होते. त्यांच्यासाठी वकील उभा करावा, त्याच्या खर्चाला पक्षनिधीतून थोडी मदत द्यावी, अशी सूचना मी केली. तीस वर्षे चळवळीत काढलेल्या, सत्याग्रहात तुरुंग पाहिलेल्या एका सहकाऱ्याने शांतपणे विचारले, “घरफोडीच्या आरोपीला वकील कशाला? आपला निधी काय चोरांसाठी आहे?” बैठकीत कुणी त्यांना विरोध केला नाही. काहींनी मान डोलावली. सूचना बारगळली. त्या प्रश्नाला तिथे द्यायचे राहून गेलेले उत्तर येथे देत आहे.

या प्रश्नात निकाल आधीच लागलेला आहे. आरोपी हा शब्द उच्चारून झाल्यावर पुढच्याच वाक्यात तो चोर होतो. कापडगिरणीच्या संपात दगडफेकीचा आरोप आलेल्या कामगाराबद्दल आमचा हाच सहकारी असे बोलला नसता. तेथे तो पोलिसांच्या कागदावर विश्वास ठेवत नाही, पंच कोण होते ते विचारतो, बचाव समिती काढतो, नागपूरहून नामांकित वकील आणतो. मग त्याच ठाण्यातल्या त्याच फौजदाराने केलेला पंचनामा बेड्यावरच्या माणसाबाबत वेदवाक्य कसा होतो? पोलीस मोर्च्याच्या दिवशी खोटे लिहितात आणि घरफोडीच्या दिवशी खरे, असे मानायला काय आधार आहे?

आधार एकच, आणि तो इंग्रजांनी पुरवलेला आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाच्या कृत्याऐवजी त्याचा जन्म नोंदवायला सुरुवात केली. हजेरी, परवाना, गावाबाहेर जायला बंदी असा तो सारा जाच होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, पण सवयीच्या गुन्हेगारांविषयीचे कायदे त्याच्या जागी आले. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ चा आहे. फासे लावून तितर-लावे धरणाऱ्या फासेपारध्याचा धंदा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बेकायदा झाला. शेती नव्हती, ती दिली नाही. शिकार होती, ती काढून घेतली. ठाण्याच्या वहीतले नाव तेवढे राहिले. नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले यांनी फासेपारध्यांच्या मुलांसाठी शाळा काढली, तिचे नावच ‘प्रश्नचिन्ह’ ठेवले. त्या नावाचा अर्थ वऱ्हाडात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तुरुंगांतील जातिभेदावर निकाल दिला, तेव्हा देशातल्या कारागृह नियमावल्यांत विमुक्त जमातींविषयी अजून काय काय लिहिलेले होते ते चव्हाट्यावर आले. सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी ते प्रकरण न्यायालयात नेले नसते तर ते तसेच चालू राहिले असते.

जन्मावरून संशय घेतला की काय होते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका झोपडीवर दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, बलात्कार झाला. भटक्या जमातीतील सहा गरीब मजुरांना पकडण्यात आले. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली, प्रत्येकाला ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने सुरुवातीलाच पोलिसांकडील छायाचित्रांतून दुसरेच चार जण ओळखले होते. त्यांच्यामागे तपास गेलाच नाही. सोळा वर्षे हे सहा जण आत होते. भटक्या जमातीच्या, खालच्या थरातल्या माणसांना खोटे गुंतवले जाण्याची शक्यता नाकारता येत नाही, अशा आशयाचे उद्गार खुद्द न्यायालयाने काढले. शेवटी योग्य वकिली त्यांच्यापर्यंत पोहोचली म्हणून ते जिवंत बाहेर आले. फाशीच्या खटल्यात निदान तीन न्यायालये फाइल उघडून बघतात. घरफोडीची फाइल कोण उघडतो?

घरफोडी हा किरकोळ गुन्हा आहे, असे कुणी समजू नये. रात्रीच्या वेळी चोरीसाठी घर फोडले तर १४ वर्षांपर्यंत कारावास, आणि घरातल्या चोरीला ७ वर्षांपर्यंत. जुन्या दंडसंहितेची ४५७ आणि ३८० ही कलमे प्रत्येक बेड्यावर पोरांनाही पाठ असत. १ जुलै २०२४ पासून नव्या न्यायसंहितेत ती ३३१ आणि ३०५ झाली, एवढाच फरक. खटला मात्र चालतो न्यायदंडाधिकाऱ्यापुढे. येथे एक जुनी फट होती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने सरकारी खर्चाने वकील देण्याची सक्ती केली ती सत्र न्यायालयातील खटल्यांपुरती. खालच्या न्यायालयांचा प्रश्न राज्य सरकारच्या मर्जीवर सोडला. म्हणजे खुनाच्या आरोपीला वकील मिळणार, घरफोडीच्या आरोपीने नशीब काढावे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतील कलमात ‘सत्र’ हा शब्द राहिलेला नाही. शब्द गेला हे चांगले झाले. सवय गेली का, ते तालुक्याच्या कोर्टात एक सकाळ बसून पाहावे.

वकील नक्की काय करतो, हे आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. चोराला सोडवणे हे वकिलाचे काम, अशी समजूत सिनेमाने करून दिली आहे. वकिलाचे काम पहिल्या चोवीस तासांत सुरू होते. आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केले की सरकार पक्ष पोलीस कोठडी मागतो. कशासाठी मागतो, मुद्देमाल आधीच जप्त झाला असेल तर आता कोठडी कशाला, आरोपीच्या अंगावर वळ आहेत ते वैद्यकीय तपासणीत नोंदवले का, हे विचारणारा माणूस तेथे नसेल तर कोठडीचा कागद दोन मिनिटांत पुढे सरकतो. पूर्वी पोलीस कोठडीचे पंधरा दिवस सुरुवातीलाच संपत. आता ते तुकड्या-तुकड्यांनी, पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत केव्हाही मागता येतात. म्हणजे तो पहिला दिवस पुन्हा पुन्हा येतो, आणि प्रत्येक वेळी वकील लागतो.

पुढे जप्तीचा पंचनामा. घरफोडीच्या खटल्याचा सारा डोलारा बहुधा या एका कागदावर उभा असतो. आरोपीने ‘काढून दिलेले’ दागिने. पंच कोण? दर दुसऱ्या प्रकरणात त्याच ठाण्याच्या कागदावर सही करणारे तेच दोघे तर नव्हेत? वस्तू सापडली ती जागा सगळ्यांना मोकळी होती की आरोपीच्या ताब्यातली? सापडले काय, तर पुष्कळदा सोन्याची लगड. फिर्यादीची पोत चोरीला गेली, पाटल्या गेल्या, आणि न्यायालयात आला तो वितळवलेल्या सोन्याचा तुकडा. तो त्याच पोतीचा हे कशावरून? चोरीनंतर लगेच ज्याच्याजवळ माल सापडला तो चोर किंवा चोरीचा माल घेणारा, असे अनुमान कायदा काढू देतो. पण त्यात ‘लगेच’ या शब्दाला मोल आहे, आणि पाच महिन्यांनी सापडलेल्या वस्तूला तो शब्द लागत नाही. हे सारे उलटतपासणीत विचारायचे असते. कैदी स्वतः हे विचारू शकेल? आपल्या शिकलेल्या मुलांना तरी येईल?

आणि वकील नसला तर? पहिली गोष्ट जामिनाची. ठरलेल्या मुदतीत, गुन्ह्याच्या शिक्षेप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत, दोषारोपपत्र आले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्कच मिळतो. पण तो मागावा लागतो. मुदत संपली, आरोपीने मागितले नाही, आणि चार दिवसांनी दोषारोपपत्र दाखल झाले, तर हक्क बुडाला. आसाममधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले की लेखी अर्ज नसला, तोंडी मागणी केली तरी पुरे. उत्तम. पण कोठडीत दिवस मोजायला कॅलेंडर कुठे असते, आणि कितवा दिवस आपला आहे हे सांगणार कोण?

दुसरी गोष्ट याहून वाईट. नव्या संहितेने पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश, इतरांना निम्मी मुदत आत काढल्यावर सोडण्याची तरतूद केली. जाहिरात पुष्कळ झाली. त्याच कलम ४७९ चे दुसरे पोटकलम मात्र कुणी वाचून दाखवले नाही. ज्याच्यावर एकाहून अधिक गुन्ह्यांचा किंवा अनेक प्रकरणांचा तपास अथवा खटला चालू आहे त्याला ही सवलत नाही. आता त्या वर्तमानपत्री बातमीकडे पुन्हा पाहा. एका अटकेत ‘पाच-सात जुने गुन्हे उघडकीस’. ठाण्याच्या निर्गतीच्या आकड्यासाठी एका पोराच्या नावावर सात घरफोड्या चढल्या की सवलतीचे दारही बंद. त्या सातांपैकी सहा टिकणार नाहीत हे पुढे कधी तरी ठरेल. तोवर तो आतच.

मग एक दिवस कोणीतरी त्याला शहाणपण शिकवते. बाबा रे, कबूल हो. भोगली तेवढीच शिक्षा धरतील, उद्या घरी जाशील. बायको-पोरे बाहेर, म्हातारी आजारी, हंगाम निघून चाललेला. तो न केलेला गुन्हाही कबूल करतो आणि खरोखरच घरी जातो. त्याला कुणी सांगत नाही की मालमत्तेच्या गुन्ह्यात एकदा दोषी ठरलेला माणूस तसल्याच गंभीर गुन्ह्यात पुन्हा दोषी ठरला तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत किंवा १० वर्षांपर्यंत वाढू शकते. जुन्या संहितेचे ७५ वे कलम, नव्याचे १३ वे. सुटकेसाठी दिलेला तो एक होकार आयुष्यभर ठाण्याच्या भिंतीवर ‘सराईत’ म्हणून लटकतो. आपण ज्यांना सराईत गुन्हेगार म्हणतो त्यांतले किती असे घडवलेले आहेत, हा प्रश्न पोलिसांना नको तर निदान आपल्याला पडायला हवा.

आता पैशाविषयी. बेड्यावरचे कुटुंब वकील करीत नाही असे नाही. बकऱ्या विकते, गळ्यातले विकते, सावकाराकडे जाते आणि वकील करते. वकीलपत्रावर अंगठा उठतो, पहिली फी जाते, आणि मग दर तारखेला हात पुढे येतो. तारीख पडली तरी पैसे, न पडली तरी पैसे. पैसे थकले की वकील दुसऱ्या कोर्टात ‘बिझी’ असतो. वकिलांत प्रामाणिक माणसे नाहीत असे मी म्हणत नाही. फी न घेता असे खटले लढवणारे वकील वऱ्हाडात मी पाहिले आहेत आणि त्यांना त्यांच्याच बाररूममध्ये टोमणे खाताना पाहिले आहे. पण आरोपीच्या अगतिकतेवर चालणारा एक धंदा कोर्टाच्या आवारात आहे, आणि त्या धंद्याचे गिऱ्हाईक बेड्यावरून येते.

खरे म्हणजे त्या कुटुंबाला एक पैसाही द्यावा लागू नये. १९७६ च्या घटनादुरुस्तीने ३९अ हे कलम आले. १९७८ मध्ये महाराष्ट्रातल्याच होसकोट प्रकरणात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी गरीब कैद्याला अपिलासाठी वकील देणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले. १९८६ मध्ये सुकदास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याहून पुढे जाऊन एक शिक्षाच रद्द केली. आरोपीला वकील नव्हता, आणि तो फुकट मिळू शकतो हे त्याला कुणी सांगितले नव्हते, एवढ्या कारणावरून. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ पासून अमलात आहे. त्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला, स्त्रीला, आणि कोठडीत असलेल्या कोणालाही उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत आहे. म्हणजे त्याचा हक्क दुहेरी. २०२२ मध्ये राष्ट्रीय प्राधिकरणाने जिल्हा न्यायालयांसाठी पगारी बचाव वकिलांची योजनाही आणली. एवढे सगळे कागदावर असताना बेड्यावरची बाई सावकाराच्या दारात का उभी असते? कारण ‘सरकारी वकील’ या शब्दाचा अर्थ तिच्या लेखी फिर्यादीचा वकील असा आहे. सरकारने पकडले, सरकारच सोडवील, हे तिला पटत नाही. आणि तिला हे समजावून सांगायला तेथे कुणी गेलेलेच नाही.

येथे आमच्या सहकाऱ्यांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. २००८ च्या मुंबई हल्ल्यातील कसाबला आपल्या देशाने वकील दिला. तेव्हाही ‘कशाला?’ असे विचारणारे पुष्कळ होते. २९ ऑगस्ट २०१२ रोजी त्याची फाशी कायम करताना सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक न्यायदंडाधिकाऱ्याला बजावले की आरोपी पहिल्यांदा समोर येताच त्याला वकिलाच्या हक्काची जाणीव द्या, आणि तो नेमू शकत नसेल तर सरकारी खर्चाने द्या. त्याआधी २०१० मध्ये, अमुक आरोपीचे वकीलपत्र घेऊ नये असे वकील संघांचे ठराव बेकायदा आणि रद्दबातल असल्याचे त्याच न्यायालयाने सांगितले होते. जो हक्क कसाबला नाकारला नाही तो पक्षाची बैठक पारध्याला नाकारते, हे दृश्य मला तरी सहन झाले नाही.

आणि अमरावतीने तरी हा प्रश्न विचारू नये. हे वकिलांचे गाव आहे. १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे अध्यक्ष शंकरन नायर वकील होते. १९१२ च्या काँग्रेसचे अध्यक्ष रंगनाथ नरसिंह मुधोळकर येथलेच वकील. १९०८ मध्ये टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा झाली, तेव्हा प्रिव्ही कौन्सिलकडे दाद मागण्यासाठी दादासाहेब खापर्डे आपली चालती वकिली टाकून अमरावतीहून विलायतेला गेले आणि १९१० पर्यंत तेथे राहिले. टिळक स्वतः कायद्याचे पदवीधर. मुंबईच्या न्यायालयात आपली बाजू त्यांनी आपणच मांडली. त्यांनाही वकिलाची गरज लागली. टिळक कुठे आणि घरफोडीचा आरोपी कुठे, असे कुणी म्हणेल. म्हणावे. मी थोरवीची तुलना करीत नाही; एका आरोपीसाठी सात समुद्र ओलांडणाऱ्या गावाला दुसऱ्यासाठी कोतवालीपर्यंत जाणे का जड जाते, एवढेच विचारतो.

ज्याचे घर फुटले त्याचे काय, हाही प्रश्न मला विचारण्यात आला, आणि तो रास्त आहे. फुटणारी सगळी घरे श्रीमंतांची नसतात. कापूस विकून आलेली रक्कम लुगड्याच्या घडीत ठेवणाऱ्या शेतकऱ्याचे घर फुटते. मुलीच्या लग्नासाठी जमवलेले चार तोळे जातात आणि त्या घराचे वर्ष बुडते. अशा माणसाच्या रागाला मी नावे ठेवणार नाही. पण त्याला न्याय हवा असेल तर खरा चोर सापडायला हवा. बेड्यावरून कोणीतरी उचलून आणला की तपास थांबतो, खरा चोर मोकळा राहतो आणि फिर्यादीच्या हाती, मिळालीच तर, कुणा भलत्याच्या सोन्याची लगड येते. तपास नीट करायला लावणारा बचावाचा वकील या अर्थी फिर्यादीचाही उपयोगी माणूस आहे.

तेव्हा माझी सूचना मी पुन्हा मांडतो, या वेळी थोडी वाढवून. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील प्रत्येक तालुका शाखेने एक कार्यकर्ता या कामाला नेमावा. अटकेची बातमी कळताच त्याने चोवीस तासांच्या आत कोर्टात हजर राहावे, विधी सेवा समितीकडे अर्ज भरून घ्यावा, वकील नेमला गेला की त्याला भेटावे, आणि तारखेच्या वहीत प्रत्येक अटकेचा साठावा आणि नव्वदावा दिवस लाल शाईने मांडावा. पैशाचा प्रश्न येतो तो प्रवासखर्च, नकला आणि टपालापुरता. तेवढा निधी आपल्याकडे आहे.

पैशाहून अवघड आहे तो जामीनदार. न्यायालयाने जामीन मंजूर केला तरी माणूस सुटत नाही. ऐपतीचा दाखला असलेला, जमीनजुमला असलेला जामीनदार लागतो, आणि बेड्यावर सातबारा कुणाच्या नावावर असणार? १९७८ च्या मोतीराम प्रकरणात एका गवंड्याकडे १० हजारांचा जामीन मागितला होता, आणि भावाने तो देऊ केला तर भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा कडक शब्दांत कान उपटले. बेचाळीस नव्हे, चांगली पंचेचाळीसहून अधिक वर्षे झाली. पद्धत तीच आहे. आपल्या पक्षात शेतकरी पुष्कळ आहेत. सत्याग्रहात एकमेकांना जामीन राहणारे आपण. त्यांतल्या किती जणांनी आपला सातबारा पारध्याच्या जामिनासाठी पुढे केला? माणूस पळून गेला तर जातमुचलक्याची रक्कम आपल्या डोक्यावर येईल, ही भीती खरी आहे. ती भीती मलाही आहे. दर्यापूर तालुक्यात माझ्या नावावर साडेतीन एकर कोरडवाहू जमीन आहे. तिचा ताजा सातबारा काढून मी पक्ष कार्यालयाच्या कपाटात ठेवला आहे; पुढच्या बैठकीला येताना इतरांनी आपापला आणावा.